स्व. आनंदराव मोहिते, चार ते सहा

मोहिते सरांशी माझी ओळख झाली ती ते वारल्यानंतर.

एजन्सीतला माझा पहिला दिवस होता. आमचे मालक हसमुखभाई यांनी मला एक कॉम्प्युटर दाखवला, पासवर्ड सांगितला, “जोई लो बधुं”, सगळं बघून घ्या, असं म्हणाले आणि कुणाचा तरी फोन घेत बाहेर गेले. मी डेटाबेस उघडला. पहिली नोंद स्वर्गस्थ आनंदराव मोहिते यांची होती. दुसरीही त्यांचीच. मधे एखादे पटेल, एखाद्या शांताबेन येऊन जायच्या आणि मग पुन्हा ओळीने सात-आठ आनंदराव मोहिते. हे गृहस्थ कधी बेचाळिसाव्या वर्षी गेले होते, कधी एकशे अकराव्या. एका नोंदीत त्यांचं वय वजा तीन होतं. बेसण्याची वेळ मात्र सगळीकडे एकच, चार ते सहा.

मला अनोळखी माणसांना प्रश्न विचारता येत नाहीत. मी नुसती पडद्याकडे बघत बसले. शेजारच्या टेबलाशी पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ डब्यातली मेथीची भाजी खात होते. त्यांनी मान वाकडी करून माझा पडदा पाहिला.

“मीच तो,” ते मराठीत म्हणाले. “तुमचं जेवण झालं का?”

बडोद्याच्या रावपुऱ्यातली, दुसऱ्या मजल्यावरची आमची एजन्सी गुजराती वर्तमानपत्रांसाठी छोट्या जाहिराती घ्यायची. त्यातल्या बऱ्याचशा बेसण्याच्या. घरातलं माणूस गेलं की इथे दोन-तीन दिवसांत बेसणं ठेवतात. ठरलेल्या दोन तासांत ओळखीचे लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, फोटोसमोर हात जोडतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. ते कुठे आणि किती वाजता, हे गावाला सकाळच्या पेपरातून कळतं. घरच्यांनी आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा आणि मोहिते सरांनी पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टने त्यातून चार ओळींचा मजकूर जुळवायचा, अशी व्यवस्था होती. स्क्रिप्टमधे काही बदललं की खोटी जाहिरात करून पाहावी लागे, आणि खोट्या जाहिरातीतसुद्धा कुणीतरी वारावं लागतंच. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं नाही, हा सरांचा नियम. मनाने रचलेलं नावही नाही. त्यांचं म्हणणं, रचलेलं नाव असं काही नसतंच. बडोद्यात शोधलं तर ते कुणाचं तरी निघतं आणि तो माणूस मजेत सेव-उसळ खात असतो. म्हणून आठवड्यातून चार-पाच वेळा ते स्वतःच वारत.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्याचा उल्लेख सर एकाच वाक्यात करायचे. “लढाईत मेलेले मोहिते पुष्कळ झाले. रोज मरून संध्याकाळी घरी जेवायला जाणारा मी पहिला.”

ते मुळात छापखान्यातले. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग डीटीपी, आणि केस पांढरे झाल्यावर पीएचपी. नव्या गोष्टीची त्यांना भीती वाटत नसे, पण ती हातात धरून पाहता आली पाहिजे अशी त्यांची अट असे. त्यांच्या खणात लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे, कात्री, काड्यापेटी आणि कपडे वाळत घालायचे लाल-निळे चिमटे होते. कॉलेजात मी प्रोग्रॅमिंगचे तीन पेपर दिले होते, पण स्ट्रिंगमधे व्हेरिएबल घालणं म्हणजे काय हे मला या खणातून समजलं.

झालं असं, की माझ्या पहिल्याच चाचणीत नावाच्या जागी नाव न येता “$naam” हीच अक्षरं छापून आली. सर तो कागद घेऊन उभे राहिले आणि गंभीर आवाजात वाचू लागले, “स्वर्गस्थ डॉलर नाम.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “परदेशी गृहस्थ दिसतात. घरचे कुठले?”

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांनी खणातून पुठ्ठा काढला, त्यावर “स्वर्गस्थ” आणि “यांचे बेसणे” असं लिहिलं आणि मधे कात्रीने एक खिडकी कापली. मागून नावांची लांब पट्टी सरकवली. खिडकीत एकामागून एक नावं येऊ लागली. हे वाक्य, ही खिडकी, आणि पट्टी म्हणजे व्हेरिएबल. वाक्य एकेरी अवतरणचिन्हांत लिहिलं तर पीएचपी खिडकीला काच बसवतं. पट्टी कितीही सरकवली तरी काचेवर जे लिहिलंय तेच दिसत राहतं. दुहेरी चिन्हांत लिहिलं की काच निघते. “तू काच लावून ठेवलीस,” ते म्हणाले. पहिल्या दिवसाचं ‘तुम्ही’ तिथे संपलं. चारचौघांत मात्र मी त्यांची रेवाबेनच राहिले.

मग चिमटे. त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन टोकांना दोन लाल चिमटे लावले. इथे वाक्य सुरू झालं, इथे संपलं. आता पट्टीवरचं नाव असं आलं, की त्यातच एक टोपणनाव आहे आणि त्यालाही दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं आहेत. तिथेही त्यांनी लालच चिमटे लावले. यंत्राला कसं कळणार कुठला चिमटा कुणाचा? आतला पहिला चिमटा दिसला की ते समजतं, वाक्य संपलं, आणि पुढचं सगळं टाकून देतं. त्यांनी एक काडी घेतली आणि आतल्या चिमट्याला तिरकी टेकवून ठेवली. “हा टेकू. टेकू दिसला की यंत्र म्हणतं, हा चिमटा नावाचा आहे, मी इथे थांबायचं नाही.” हा टेकू म्हणजे बॅकस्लॅश. वेब पानावर तोच टेकू वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पण काम तेच.

“टेकू दिला का?” हा त्यांचा दिवसातून दहादा येणारा प्रश्न होता, आणि तो कोडपुरता नव्हता. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला, डुगडुगणाऱ्या टेबलाला, हसमुखभाईंच्या मूडलाही. मालक सकाळी तावातावाने आले की सर हळूच म्हणायचे, “आधी चहाचा टेकू द्या, मग बोला.”

टोपणनावांची त्यांच्याकडे एक वहीच होती. जाहिरातींत आलेली नावं ते त्यात उतरवून ठेवत. मनहरभाई “टाइमटेबल”. कोकिलाबेन “रेडिओ”. एक शांतिलाल “वरसाद” होते, जे कुठेही गेले की पाऊस यायचा म्हणे. हसमुखभाईंना ही अवतरणचिन्हं म्हणजे कटकट वाटे. फॉर्ममधे ती घेऊच नका, असं ते वर्षातून दोनदा तरी म्हणत. सरांचं उत्तर ठरलेलं असे. कागदावरचं नाव सरकारने मागितलेलं असतं. गावाने दिलेलं नाव या दोन चिमट्यांत असतं, आणि बेसण्याला गाव येतं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. संध्याकाळी मजकूर पेपरकडे जाण्याआधी ते प्रत्येक घरी फोन करत आणि जाहिरात पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. अवतरणचिन्हांसकट. “अवतरण चालु, रेडिओ, अवतरण पूरुं.” पलीकडे कुणी रडायचं, कुणी भावाचं नाव आपल्याआधी का म्हणून भांडायचं. सर घाई करत नसत. एकदा एका आजींना त्यांच्या नवऱ्याची जाहिरात वाचून दाखवत होते. टोपणनाव काही होतं का, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाल्या, लोक काय म्हणत ते माहीत नाही, मी पन्नास वर्षं “सांभळो छो?” म्हणूनच हाक मारली. आपल्याकडे “अहो, ऐकलंत का” म्हणतात, तसं. सरांनी शांतपणे विचारलं, “बा, अवतरणमां लखुं?” लिहू का अवतरणात? आणि फोनमधून हसण्याचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. नवरा जाऊन दोन दिवस झालेली बाई हसत होती. जाहिरातीत ते आलं नाही, पण वहीत आहे.

मी हे फोन टाळायचे. परक्या घरी, तेही अशा दिवशी, फोन करून माझ्या शाळकरी गुजरातीत काय बोलायचं? माझे पहिले सहा महिने संपत आले होते, नोकरी पक्की व्हायची होती, आणि काहीतरी आधुनिक करून दाखवावं असं वाटत होतं. मी नवा फॉर्म लिहिला. त्यात फोनची गरजच नव्हती. घरच्यांच्या मोबाइलवर लिंक जायची, त्यांनी मजकूर बघायचा आणि “बरोबर आहे” दाबायचं. हसमुखभाई खूश झाले. सरांनी तो दोनदा स्वतःला मारून तपासला आणि चांगला आहे म्हणाले. फक्त एवढं विचारलं, की फोनही करशील ना? मी मान डोलवली. माझी मान कुठल्याही दिशेला डोलते, हे तोवर त्यांना माहीत झालं असणार.

नव्या फॉर्मच्या तिसऱ्या आठवड्यात सर एक दिवस रजेवर होते. संध्याकाळी लहरीपुऱ्याहून एक जाहिरात आली. रमणलाल “पंप” मिस्त्री. मुलाने लिंकवर “बरोबर आहे” दाबलं होतं. मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसचा फोन वाजला तेव्हा मी एकटीच होते. तीनदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. उचलला. रमणलाल यांचा मुलगा जयेशभाई होता. तो ओरडत नव्हता, ते जास्त वाईट होतं. “बेन,” तो म्हणाला, “तमे मारा बापानुं अडधुं नाम खाई गया.”

मी पेपर उघडला. बारीक अक्षरांत, फोटोशिवाय, छापलं होतं: स्वर्गस्थ रमणलाल. त्यापुढे थेट बेसण्याची जागा आणि वेळ. मुलाला दाखवलेल्या पानावर नाव पूर्ण दिसत होतं, पण त्याने बटण दाबल्यावर ते दुसऱ्या पानाकडे जाताना ज्या चौकटीतून गेलं, तिथे मी टेकू दिलाच नव्हता. पंपाचं पहिलं अवतरणचिन्ह आलं आणि यंत्र तिथे थांबलं. पंपही गेला आणि आडनावही. सरांनी स्वतःला दोनदा मारलं होतं खरं, पण त्यांच्या स्वतःच्या नावात टोपणनाव नव्हतं. वाचून दाखवलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

रमणलाल लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ सायकली दुरुस्त करायचे. त्यांना सगळे पंपकाका म्हणत. रमणलाल हे नाव बहुधा त्यांच्या रेशनकार्डावरच होतं. बेसणं त्याच दिवशी चार ते सहा. जयेशभाई म्हणाला, घरचे दहा जण बसतील आणि दारात कुणी येणार नाही, कारण बाजारात कुणाला माहीतच नाही. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

सर आले तेव्हा मी पेपर त्यांच्या टेबलावर उघडून ठेवला होता. तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यांनी वाचलं, मग विचारलं, “फोन केला होतास?”

“लिंक पाठवली होती.”

ते खुर्चीवरून उठले, हेल्मेट घेतलं आणि जिन्याकडे जात म्हणाले, “चल.”

लहरीपुऱ्यात स्कूटर थांबवून त्यांनी ती स्टँडवर लावली नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून उभे राहिले. “मी गाडी धरतो,” म्हणाले. “तू बोल.”

पहिलं दुकान ओढण्यांचं होतं. आत गल्ल्यावर एक जाडसर गृहस्थ ओढण्यांच्या घड्या घालत बसले होते. मी घसा साफ केला आणि सांगितलं, की रमणलाल मिस्त्री गुजरी गया. ते म्हणाले, कोण? मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, असं कुणी इथे नाही. मी मागे वळून पाहिलं. सर रस्त्याकडे बघत होते, जणू मी त्यांच्याबरोबर आलेच नव्हते.

“पंपकाका,” मी म्हणाले.

त्यांच्या हातातली ओढणी खाली आली. “आपणा पंपकाका?” ते उठून उभे राहिले. दोन-तीन दिवस दिसले नव्हते, तब्येत बरी नसेल असं वाटलं, ते म्हणाले. मग मीच सांगितलं, आज, चार ते सहा, आणि जागा. त्यांनी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाकडे तोंड करून हाक मारली.

दुसऱ्या दुकानात मी एका दमात बोलले. तिसऱ्यात एका बाईंनी मला बसवून पाणी दिलं, कारण मी घरचीच कुणी आहे असं त्यांना वाटलं. त्यांना लहानपणी सायकल पंपकाकांनीच शिकवली होती, मागून सीट धरून, आणि सोडल्यावर सांगितलंच नव्हतं की सोडली. पाचव्या दुकानात मी तोंड उघडायच्या आधीच तिथला माणूस मला म्हणाला, “बेन, खबर छे? पंपकाका गया. आजे चार थी छ.”

मी परत स्कूटरपाशी आले. सर म्हणाले, “झालं. आता ते आपल्याआधी पोचतंय.”

चार वाजता आम्ही दोघं गेलो. मला जायचं नव्हतं, पण मान कुठल्या दिशेला डोलली कोण जाणे. समाजाच्या छोट्या हॉलबाहेर चपलांच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या होत्या. आणि सायकली. कुंपणाला, झाडाला, एकमेकींना टेकलेल्या. एक म्हातारे गृहस्थ आत जायच्या आधी सवयीने प्रत्येक सायकलचं पुढचं चाक अंगठ्याने दाबून बघत होते. आतल्या सतरंज्या भरल्या, शेजारच्या शाळेतून आणखी आणाव्या लागल्या. जयेशभाई दाराशी हात जोडून उभा होता. सरांनी त्याला सांगितलं, भूल आमची होती, उद्या पूर्ण नावाने पुन्हा छापतो. “माझी” होती असं मला म्हणायचं होतं, पण त्यांनी “आमची” एवढ्या सहज म्हटलं, की मला मधे शिरायला जागाच मिळाली नाही. जयेशभाईचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. तो सायकली बघत होता. “एटला बधा?” एवढंच म्हणाला. वडिलांना इतकी माणसं ओळखतात, हे त्यालाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी हसमुखभाईंनी निकाल दिला. अवतरणचिन्हं बंद. फॉर्ममधे कुणी टाकली तर लाल अक्षरांत चूक दाखवा, प्रश्नच मिटला. सर खणातला जुना पुठ्ठा काढून मालकांच्या टेबलावर ठेवू लागले. चर्चा लांबणार हे दिसत होतं. मालकांनी दुसरा मुद्दा काढला, की हे फोन कोण करणार, मोहिते तर उन्हाळ्यात रिटायर होणार.

“मी करीन,” मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. सरांनी पुठ्ठा परत खणात टाकला आणि चहा मागवला.

तेव्हापासून फोन मी करते. अजून दर वेळी आधी पाणी पिते. पण वाचून दाखवते, “अवतरण चालु” आणि “अवतरण पूरुं” सकट. टेकू सगळ्या चौकटींना दिले आहेत. चाचणीच्या नोंदीत आता टोपणनाव घालणं सक्तीचं आहे. सरांना आम्ही विचारलं होतं, तुमचं काय घालू? ते म्हणाले, नाही काही. आपण आपलंच ठेवायचं नसतं, लोकांनी दिलं तर खरं. तोपर्यंत त्यांनी तिथे “क्ष” लिहून ठेवलं होतं.

सर मे महिन्यात रिटायर झाले. करजणला त्यांच्या भावाचं घर आहे, तिकडे राहायला जाणार होते. हसमुखभाईंनी शाल दिली, एवढ्या उन्हाळ्यात. भाषण करायला सांगितलं तर सर म्हणाले, माझ्याबद्दलचं सगळं डेटाबेसमधे आहे. चिमटे आणि पुठ्ठे त्यांनी माझ्या खणात ठेवले, वही स्वतःबरोबर नेली. ते जिना उतरू लागले, आणि मला जे सांगायचं होतं त्यातलं काहीच सांगून झालं नव्हतं. समोरासमोर ते जमलंही नसतं.

मी खुर्चीवर बसले, एक चाचणी तयार केली आणि त्यांना फोन लावला. खिडकीतून खाली ते दिसत होते. स्कूटरवर बसलेले, हेल्मेट हातात, शाल पुढच्या हुकाला लटकवलेली. त्यांनी खिशातून फोन काढला.

“नमस्ते,” मी नेहमीच्या फोनसारखं म्हणाले. “जाहेरात वांची संभळावुं छुं.” आणि वाचायला सुरुवात केली. स्वर्गस्थ आनंदराव, अवतरण चालु, टेकू, अवतरण पूरुं, मोहिते. यांचे बेसणे, ठिकाण, आणि वेळ चार ते सहा.

खाली त्यांच्या मागून एक रिक्षावाला हॉर्न देत होता, त्याला त्यांनी हाताने थांब म्हटलं. मग फोनमधे आवाज आला.

“नाव बरोबर आहे,” ते म्हणाले. “वेळ पाच ते सात कर. चारला फार ऊन असतं गं, लोकांना त्रास.”

त्यांनी फोन खिशात टाकला, हेल्मेट चढवलं, वर न बघता हात केला आणि रिक्षाला वाट देत निघून गेले. मी वेळ बदलली. आता सर ऑफिसात येत नाहीत, पण आठवड्यातून चार-पाच वेळा वारतात, आणि पाच ते सात.